सहावा दगड

दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या साप्ताहिकात ती यादी येते. पहिल्या जुलैपासून राज्यात कोणकोणते नवे कायदे लागू होणार, त्याची. ती यादी माझ्या खानावळीत मोठ्याने वाचायची आणि वाचायची ती मीच, असा रिवाज पडलाय. वेंडल म्हणतो, तुझा आवाज पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जातो म्हणून. खरं कारण वेगळंच आहे. सकाळी सहाला तिथे जे आठ-दहा म्हातारे बसलेले असतात, त्यांच्यातल्या एकाचाही चष्मा धड नसतो.

बिस्किटांवर, म्हणजे आमच्याकडच्या गरम मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतता ओतता मी वाचायची आणि मंडळी शेरे मारायची. गावात कोंबड्या पाळायला परवानगी. "मग आत्तापर्यंत काय, लपून अंडी घालत होत्या?" शाळेच्या बसमध्ये मुलांना पट्टा सक्तीचा. बस वेंडलच चालवतो. तो म्हणाला, "पट्टा बांधायला की हाणायला, ते लिहिलंय का?" हसायचं, कॉफी प्यायची आणि आपापल्या कामाला लागायचं. राजधानीतले कायदे आमच्या खोऱ्यापर्यंत यायचे नाहीत, अशी आमची समजूत. तिथेच आमचं चुकलं.

यंदा सतरावा कायदा वाचला तेव्हा एल्झीकाका कोपऱ्यातल्या त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसून दुधात मक्याचा पाव कुस्करत होते. एल्झी स्टॅम्पर, वय त्र्याऐंशी. बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत, नंतर तंबाखूची शेती, आणि चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये भजनाची पहिली ओळ उचलायचं काम. आमच्याकडे पेटी नाही, पुस्तक नाही. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत म्हणायची. एल्झीकाकांनी ओळ उचलली की अंगावर काटा यायचा. एरवी बोलायला हा माणूस इतका कंजूष, की बायकोला मागणी घालतानाही "मग काय ठरलं?" एवढंच म्हणाला होता, असं व्हेस्टाकाकूच सांगायची.

तर तो सतरावा कायदा. खासगी दफनभूमीचा. ज्या घरगुती दफनभूमीत नाव आणि वर्ष कोरलेल्या किमान सहा कबरी असतील, तिचीच नोंद होणार. नोंद तीस जूनपर्यंत करायची. ज्या जागेची नोंद नसेल तिथे पुढे कोणाला पुरता येणार नाही. आणि त्या जमिनीवर किंवा जमिनीखाली ज्याचा हक्क असेल, त्याला तिथले सांगाडे स्वतःच्या खर्चाने उचलून सरकारी दफनभूमीत नेता येतील.

यावर शेरा कोणीच मारला नाही. सगळ्यांनी एकदम कॉफीत तोंड घातलं.

कारण एल्झीकाकांची टेकडी सगळ्यांना माहीत होती. वरची माती त्यांची, पण खालचा दगड त्यांच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर अंगठा उठवून विकून टाकलेला. तो कागद हातोहाती फिरत खडीच्या कंपनीकडे आला होता. कंपनीने पलीकडचा डोंगर खाऊन संपवला होता, आणि मार्चपासून एल्झीकाकांच्या कुंपणाशी नारिंगी फितीचे खुंट दिसायला लागले होते. आजवर कंपनी अडली ती फक्त टेकडीवरच्या दफनभूमीपाशी.

कायदा करणारेही अगदीच वेडे नव्हते म्हणा. पलीकडच्या एका काउंटीत कोणा बहाद्दराने रस्ता अडवायला मेलेलं खेचर पुरलं आणि वर "प्रिय मामा" असा दगड उभा केला. चार वर्षं खटला चालला. तेव्हा राज्याने ठरवलं, की आता कबरी मोजूनच घ्यायच्या. मामा निघाला खेचर, आणि भोगायचं एल्झीकाकांनी.

"किती आहेत हो तुमच्या?" कोणीतरी विचारलं.

काकांनी बोटांवर मोजलं. वडील. आई. आठ वर्षांची असताना गेलेली बहीण. मुलगा ल्यूथर, तो एकतिसाव्या वर्षी ट्रकखाली गेला. आणि चार वर्षांपूर्वी व्हेस्टा. "पाच."

"एकच कमी पडतोय की!" वेंडल म्हणाला. "चला, कोण तयार आहे? हात वर करा."

हशा पिकला. काकाही हसले. सगळ्यात मोठ्याने हसले मी.

मग काकांनी चमचा खाली ठेवला. "नेड्रा, कबर किती जुनी हवी, असं काही लिहिलंय का त्यात?"

मी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. "नाही. तीस जूनला जी असेल ती धरतील."

"बरं," ते म्हणाले, आणि राहिलेलं दूध पिऊन टाकलं.

मी वाचून दाखवलं. माझ्या तोंडाने. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे.

त्याच आठवड्यात आमचा फुलांचा रविवार होता. त्या दिवशी जो तो आपापल्या टेकडीवर चढतो, कबरींवरचं गवत काढतो आणि कागदाची फुलं वाहतो. खरी फुलं एका दिवसात माना टाकतात, म्हणून क्रेप कागदाची करून मेणात बुडवायची. ते काम मी व्हेस्टाकाकूकडून शिकले. जितक्या कबरी तितकेच गुच्छ, असं ती करायची नाही. तिच्या हयातीत कबरी चारच होत्या, आणि ती करायची पाच. एकदा मी विचारलं, "काकू, हा पाचवा कोणाचा गं?" ती तारेला कागद गुंडाळत म्हणाली, "असू दे गं. एक जास्त असू दे." आणि तो जास्तीचा गुच्छ ती नेहमी टोकाला, सीडरच्या झाडाजवळ मोकळ्या गवतात ठेवायची. मला वाटलं, स्वतःसाठी जागा धरून ठेवतेय. माझ्याच काय, सगळ्यांच्याच मनात तेच आलं. मरतानाही तिने तेच सांगितलं, "मला सासूशेजारी नको. मला टोकाला पुरा, सीडरकडे." तिथेच पुरली. तिच्या आणि झाडाच्या मध्ये एका माणसापुरती जागा उरली, तेव्हा ती नवऱ्यासाठी ठेवलीय असं धरून चाललो.

ती गेल्यावर फुलं मी करते. हाताला एक जास्तीची सवय लागलेली, म्हणून सहा गुच्छ झाले. काकांनी पाच वाहिले आणि सहावा हातात धरून व्हेस्टाकाकूच्या बाजूच्या रिकाम्या गवताकडे बघत राहिले.

"हा माझा," ते म्हणाले, आणि तिथे ठेवून दिला.

"काहीतरीच बोलू नका," मी म्हटलं. "अजून शंभरी गाठायचीय."

"कशाला? तेवढा वेळ कोणाकडे आहे?"

मला ते आवडलं नाही. पण उतारावरून खाली पाहिलं तर नारिंगी फिती दोन दिवसांत आणखी वर सरकलेल्या दिसल्या, आणि माझं डोकं तिकडेच भडकलं.

पुढचे दहा दिवस मी काउंटीच्या कचेरीला फोन करून करून त्यांचा जीव नकोसा केला. तिथे टॅबिथा आहे, माझ्या मैत्रिणीची मुलगी. ती बिचारी काय करणार? "मावशी, पाचवर नाही होत. माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?" मुदतवाढ? नव्वद दिवसांनी सुनावणी, तोवर एक जुलै उलटून जाणार. नात्यातली एखादी कबर दुसरीकडून हलवून आणली तर? परवान्याला तीन महिने. आमदाराच्या कचेरीतली पोरगी इतकं गोड बोलली की फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, ती काहीच बोललेली नाही.

शेवटी वेंडलने त्याच्या स्वभावाला धरून तोड काढली. "एल्झीकाका, सीडरजवळ मोकळी जागा आहे ना? एक दगड उभा करा, लिहा 'बिलकाका, १९४०'. खाली बिल आहे की नाही, कोण खणून बघायला येतंय?"

"शपथेवर सही करायचीय," काका म्हणाले.

"मग करा की! बिल काय तक्रार करणार आहे?"

"कोरी जागा आहे ती, वेंडल. कोऱ्या जागेवर खोटा दगड नाही उभा करणार मी. व्हेस्टाच्या उशाशी तर नाहीच नाही."

वेंडलने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मीही काकांच्याच बाजूने बोलले. खोटं ते खोटंच, असं ठणकावलं. केवढी मी सत्यवादी!

आता दुसरी अडचण. कायद्याला दगडावर नाव आणि वर्ष हवं, आणि आमच्या पंथात दगडावर नाव कोरत नाहीत. नाव देवाला माहीत आहे, लोकांना कशाला दाखवायचं, असं जुनी माणसं मानायची. त्यामुळे टेकडीवर पाच साधे ओबडधोबड दगड उभे. कोण कुठे, ते घरच्यांनी लक्षात ठेवायचं. घरचे आता एकटे काकाच. त्यांनी छिन्नी-हातोडा काढला आणि भर उन्हात, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते नावं कोरायला बसले. वेंडल मदतीला गेला, तर त्याला परत पाठवलं. "माझी माणसं आहेत," म्हणाले.

वीस तारखेला मी वाफवलेल्या शेंगा आणि सफरचंदाची तळलेली करंजी घेऊन वर गेले. काका व्हेस्टाकाकूच्या दगडासमोर मांडी ठोकून बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ निळसर, आणि पावलं सुजून बुटाच्या नाड्या सोडलेल्या.

"हे काय करून घेतलंय? हृदयाच्या गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेतोय."

"त्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून आणलेली पिशवी?"

"आहे की फळीवर. जुन्या संपायच्यात अजून."

पाणी आणायला मी घरात गेले. फळीवर पिशवी होती. वरची पिन तशीच. सहा तारखेला मीच ठेवली होती तशी. आधीची बाटली मी शोधली नाही. शोधायला हवी होती. जुन्या संपायच्यात म्हणाले ना, मग असतील, असं स्वतःला सांगितलं आणि पाणी घेऊन बाहेर आले. खरं सांगते, तेव्हाच मला शंका आली होती. पण काही प्रश्न विचारले की उत्तर मिळतं, आणि मला ते नको होतं.

पाणी पिऊन काका जरा बोलते झाले. "व्हेस्टा रागावली असती. नावं कोरलेली तिला नसती चालली."

"ती कुठे हो रागवायची तुमच्यावर!"

"रागवायची. एकदा तर आठवडाभर बोलली नाही. पहिलं गवत कापायचं यंत्र आणलं तेव्हा. सीडरखाली एक चपटा दगड होता, पावाएवढा. पात्याला लागायचा सारखा. उचलून कुंपणाच्या दगडी गडग्यात टाकला, तर बाई आठ दिवस मुकी! मी विचारतोय काय झालं, तर म्हणते काही नाही. दगडावरून कोणी रुसतं का, सांग."

"बायका कशावरूनही रुसतात," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं हसलो. देवा रे, आम्ही हसलो.

निघताना गोठ्याच्या भिंतीला एक दगड पालथा टेकवलेला दिसला. ताज्या घावांची भुकटी खाली पडलेली. "हा कोणाचा?"

"सुटा आहे. सराव केला त्यावर."

मी तो उलटा करून पाहिला नाही.

चोवीस तारखेला त्यांनी त्यांची कुत्री आणून माझ्या मागच्या दाराशी बांधली. म्हणाले, "हिला तुझ्याकडचे तुकडे आवडतात. राहू दे थोडे दिवस." दुसऱ्या दिवशी कोंबड्या वेंडलकडे गेल्या. शुक्रवारी ते खानावळीत आले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि त्या दिवशी वेंडलनेही कोणाची थट्टा केली नाही. आठ म्हातारे बसले होते आणि मधूनमधून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. प्रत्येकाला कळलं होतं. म्हणायची हिंमत एकाचीही नव्हती, माझी धरून.

शेवटी मीच झाडू टाकला आणि गाडी काढली. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. झोपायचं झालं तरी बसूनच, कारण आडवं झालं की श्वास लागायचा.

"चला उठा. दवाखान्यात जायचंय."

"मंगळवारी जाऊ."

मंगळवारी एक जुलै. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. "हे जे चाललंय ना काका, हे पाप आहे. काकूला हे चाललं असतं का? दगडमातीसाठी कोणी असं करतं?"

"दगडमाती नाही गं ती." ते थांबून थांबून बोलत होते. "ल्यूथर गेला तेव्हा त्याला मी स्वतः खाली सोडला. व्हेस्टालाही. यंत्राच्या फावड्यात भरून नेतील ते त्यांना, पोरी. एका पेटीत कोण, दुसऱ्या पेटीत कोण, कोणी बघणार नाही. नोंद झाली की कोणी हात लावणार नाही. मी आज ना उद्या जायचाच. मग चार दिवस आधी गेलो तर तुझं काय जातंय?"

"माझं जातंय!" मी ओरडले. "माझं जातंय, कळलं?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बासष्ट वर्षांची बाई मी, लहान पोरीसारखी रडले. मग रुग्णवाहिका बोलावली. पोरं आली, तपासलं, दवाखान्यात चला म्हणाली. काका पूर्ण शुद्धीवर, नको म्हणाले. कायद्याने शुद्धीवरच्या माणसाला उचलून नेता येत नाही. त्यांनी सही घेतली आणि गेली. मी तिथेच राहिले. शनिवारी सकाळी मी अंडं तळत होते, आणि पडवीतली खुर्ची करकरायची थांबली.

आमच्यात कबर आदल्या दिवशी खणून उघडी ठेवत नाहीत. ज्या दिवशी पुरायचं त्याच सकाळी, शेजाऱ्यांनी, हाताने खणायची. रविवारी वेंडल आणि आणखी चौघं फावडी घेऊन चढले. मी जेवणाच्या टोपल्या घेऊन गडग्यावर बसले. गोठ्याकडचा पालथा दगड त्यांनी उचलून आणला आणि सुलटा केला. एल्झी स्टॅम्पर. जन्माचं वर्ष. आणि त्यापुढे, तितकंच नीट कोरलेलं, यंदाचं वर्ष.

वेंडलने टोपी काढली. "मी हात वर करा म्हटलं होतं," तो म्हणाला. "नेड्रा, मी म्हटलं होतं गं."

"खण," मी म्हटलं. "तू खण आधी."

व्हेस्टाकाकू आणि सीडर, दोघांच्या मधली जागा. ठरलेली. वरचं गवत चौकोनी कापून बाजूला ठेवलं. कमरेइतकं खाली गेल्यावर वेंडलचं फावडं कशावर तरी वाजलं. दगडाचा आवाज नव्हता तो. तो वाकला, हाताने माती सारली, आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय आहे?" मी विचारलं.

मी उठून काठाशी गेले. खाली माती एका जागी काळपट होती, हातभर लांबीची. कुजलेल्या फळ्यांचा चुरा, चार गंजके खिळे, शिंपल्याच्या तीन बारीक गुंड्या. आणि एक लोणच्याची बरणी, जस्ताच्या झाकणाची, जशा आमच्या प्रत्येकीच्या घरी शंभर असतात. आत घडी केलेला कागद, कोरडा. आमच्या बायका काहीही टिकवायचं झालं तर बरणीत भरतात.

वेंडलने बरणी वर दिली. "वाच, नेड्रा."

मीच वाचायची ना नेहमी. झाकण निघेना, तेव्हा फावड्याच्या दांड्याने ठोकून काढलं. पेन्सिलीचं अक्षर होतं. व्हेस्टाकाकूचं, तिच्या पाककृतींच्या वहीत असायचं तेच.

"जानेवारी १९६७. मुलगी. सातव्या महिन्यात आली, रडली नाही. मॉसी सोबत होती. एल्झी उत्तरेत कामाला आहे, त्याला इतक्यात कळवत नाही. नाव तो आल्यावर ठेवेल."

मॉसी म्हणजे माझी आई. तिलाही जाऊन वीस वर्षं झाली. दोघींपैकी एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. त्या हिवाळ्यात काका मोटारीच्या कारखान्यात कामाला गेले होते, वसंतात परत आले. काकूने सांगायचं म्हटलं असेल, आणि तोंड उघडलं नसेल. मग एक वर्ष गेलं असेल, मग दहा. मग काकांनी यंत्र आणलं आणि तिच्या लेकीचा दगड उचलून गडग्यात टाकला, आणि ती आठ दिवस बोलली नाही. ज्या गडग्यावर मी आत्ता शेंगांची टोपली घेऊन बसले होते, त्यात.

सहा होत्या. टेकडीवर आधीच सहा होत्या. दर जूनमध्ये मी स्वतःच्या हाताने सहा गुच्छ मेणात बुडवत होते, आणि एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही, की हा जास्तीचा कोणाचा? ते म्हणाले कोरी जागा आहे, आणि मी म्हटलं खोटं ते खोटं.

माणसं खड्ड्याच्या काठावर उभी होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "आता?" मी सांगितलं, तिला हलवायचं नाही. माती परत लोटा. काकांना तिच्या पलीकडे घ्या, झाडाकडे, म्हणजे ती दोघांच्या मध्ये राहील. सीडरची मुळं मनगटाएवढी होती. कुऱ्हाडी आणाव्या लागल्या, आणि खड्डा व्हायला दुपारचे तीन वाजले. भजनाची ओळ उचलायला कोणी नव्हतं. चाळीस वर्षं ते काम त्यांचंच होतं. वेंडलने दोनदा सुरुवात केली, दोन्हीदा आवाज फुटला, आणि शेवटी आम्ही ओळीशिवायच माती टाकली.

गडग्यातून मी एक चपटा, पावाएवढा दगड निवडला. तोच होता की नाही, देव जाणे. वेंडलने तिथेच बसून त्यावर कोरलं, मुलगी स्टॅम्पर, १९६७.

सोमवारी सकाळी कचेरी उघडताच मी टॅबिथासमोर फॉर्म ठेवला. दगडांचे फोटो, जागेचा नकाशा, शपथपत्र. काकांनी मला वारस म्हणून सही करायचा अधिकार आधीच लिहून दिला होता. तारीख सहा जून, मी यादी वाचली त्याच दिवसाची.

टॅबिथाने डोळे पुसले, मग पेनाचं टोक एकेका नावावर टेकवत फॉर्म तपासला. एका रकान्याशी थांबली. "मावशी, इथे नाव नाही. नुसतं मुलगी."

"नाव ठेवायचं राहिलं," मी म्हटलं.

"चालतं. लहान बाळांचं चालतं." तिने शिक्का उचलला, पुन्हा वरून खाली मोजलं, आणि मला बरं वाटावं म्हणून हसली. "उगाच काळजी करत होतात. सहाच लागतात. तुमच्याकडे तर सात आहेत, एक जास्तच."

"हो गं," मी म्हटलं. "एक जास्त झाली."